फॅटची टेस्ट देणारा प्रोफेसर आणि पंचवीस वर्षं अडलेला प्रयोग : स्टीफन बॅबकॉक, एक प्रकरण अभ्यास

डेअरीला दूध घालणाऱ्या कुठल्याही घरात सकाळचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फॅट किती लागली? आमच्या घरी दोन म्हशी आणि एक गाय होती. आई डेअरीच्या स्लिपा खिळ्याला अडकवून ठेवायची आणि दहा दिवसांचं बिल आलं की एकेक स्लिप काढून जुळवत बसायची. गाईला 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) लागलं की बेस रेट, पॉइंट खाली आला की रेट खाली. घरातल्या किराण्याचं गणित त्या एका आकड्यावर असायचं म्हटलं तरी चालेल. पुढे अ‍ॅग्रीला गेलो, प्रॅक्टिकलला ब्युटिरोमीटर, म्हणजे फॅट मोजायची काचेची नळी, हातात आला, अ‍ॅसिड घातल्यावर ती नळी हाताला चटका बसेल इतकी तापते ते कळलं, आणि तेव्हापासून डोक्यात होतं की हे पहिल्यांदा सुचलं कुणाला, आणि का सुचलं.

आपल्याकडे चालते ती गर्बरची पद्धत, स्वित्झर्लंडच्या निक्लाउस गर्बरची, 1891 ची. पण त्याच्या एक वर्ष आधी, 1890 मध्ये, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या कृषी रसायनशास्त्राच्या एका प्रोफेसरने जवळपास याच तत्त्वावरची टेस्ट जाहीर केली होती. नाव स्टीफन मोल्टन बॅबकॉक. अमेरिकेत फॅटच्या टेस्टला पुढे कित्येक दशकं बॅबकॉक टेस्टच म्हणायचे. आणि ज्याने दुधाला आकडा लावायला शिकवलं त्याच माणसाचं अर्धं आयुष्य दुसऱ्या एका आकड्यावर शंका घेण्यात गेलं, म्हणजे खुराकाच्या केमिकल अ‍ॅनालिसिसवर. ही शंका तपासायचा प्रयोग त्याला करू द्यायला विद्यापीठाने जवळजवळ वीस वर्षं घेतली, आणि शंका मनात आली तिथून मोजलं तर पंचवीस. हे प्रकरण त्या दोन आकड्यांचं आहे.

आधी माणूस

जन्म 1843 चा, न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रिजवॉटरचा, शेतकरी घरातला. टफ्ट्स कॉलेजातून 1866 ला पदवी, मग इंजिनिअरिंगला गेले पण वडील वारले आणि शेत बघायला घरी परतावं लागलं. आपल्याकडच्या किती मुलांची गोष्ट आहे ही, शिक्षण अर्धवट टाकून घरची शेती अंगावर घेणारी. पण बॅबकॉक तिथेच थांबले नाहीत, कॉर्नेल विद्यापीठात रसायनशास्त्राकडे वळले, तिथे शिकवायला लागले आणि नंतर जर्मनीत ग्योटिंगेनला जाऊन 1879 मध्ये पीएचडी घेऊन आले. वय 35 च्या पुढे. आजच्या हिशोबाने उशीरच झाला म्हणायचा, पण घरचं ओझं घेऊन शिकलेल्या माणसाचा उशीर वेगळा मोजायला हवा असं मला नेहमी वाटतं.

ग्योटिंगेन हे ठिकाण इथे महत्त्वाचं आहे. त्या शहराला लागूनच तेव्हा व्हेंडे नावाचं गाव होतं आणि तिथल्या प्रयोग केंद्रात 1860 च्या दशकात हेन्नेबर्ग आणि श्टोमान या दोघांनी खुराकाची तपासणी करायची पद्धत बसवली होती. अ‍ॅग्रीची पोरं हिला प्रॉक्सिमेट अ‍ॅनालिसिस म्हणून ओळखतात. ओलावा किती, राख किती, नायट्रोजन काढून त्याला 6.25 ने गुणलं की क्रूड प्रोटीन, ईथरमध्ये विरघळेल ते फॅट, अ‍ॅसिड आणि अल्कलीत उकळून उरतं ते क्रूड फायबर, आणि यातलं काहीच नसलेलं राहिलं ते सगळं कर्बोदकात. आजही सुग्रास पशुखाद्याच्या पोत्यावर प्रोटीन, फॅट, फायबर असे जे टक्के छापलेले असतात ते याच घराण्यातले. त्या काळात या पद्धतीचा दबदबा इतका होता की जनावराला काय द्यायचं हा प्रश्न रसायनशास्त्राने सोडवला, आता फक्त तक्ते वापरायचे असं बहुतेक लोक धरून चालले होते. प्रोटीन इतकं, कर्बोदकं इतकी, फॅट इतकी, बेरीज जुळली की गाय धडधाकट राहणार. ती पद्धत जिथून जगभर गेली त्या गावाशेजारी शिकून आलेला माणूसच पुढे तिच्यावर बोट ठेवणार होता.

जिनिव्हा : शेण आणि खुराक एकाच तागडीत

1882 मध्ये न्यूयॉर्क राज्याने जिनिव्हा नावाच्या गावात (स्वित्झर्लंडचं नव्हे, अमेरिकेतलं) कृषी प्रयोग केंद्र काढलं आणि बॅबकॉक तिथे केमिस्ट म्हणून लागले. काम अगदी रोजचं, गाई खातात काय आणि टाकतात काय त्याचं अ‍ॅनालिसिस करायचं आणि त्यावरून पचलं किती ते काढायचं. ते करताना त्यांना जे दिसलं त्याने ते बेचैन झाले. खुराकाचा रिपोर्ट आणि शेणाचा रिपोर्ट शेजारी ठेवले तर राख सोडली तर दोन्हीची रासायनिक रचना बरीचशी सारखी येत होती. पुन्हा केलं, तेच आलं. जर्मनांचे आकडेही तसेच.

आता हे वाचून कुणी म्हणेल, मग यात काय मोठंसं? पण त्यांनी विचारलेला प्रश्न बघा. हे अ‍ॅनालिसिस खाण्यालायक वस्तू आणि टाकून दिलेली वस्तू यांच्यातला फरक नीट सांगू शकत नसेल, तर ते गव्हाचा भरडा आणि मक्याचा भरडा यांच्यातला फरक तरी कसं सांगणार? त्यांच्याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते की तक्त्यांवर भिस्त ठेवणाऱ्या सहकाऱ्यांना ते सांगायचे, तुमच्या हिशोबाने दगडी कोळसा आणि कातडंसुद्धा जनावराला चांगला खुराक ठरेल. नायट्रोजन कातड्यातही असतो, कोळशातही असतो. 6.25 ने गुणा आणि प्रोटीन लिहा.

इथेच त्यांच्या मनात प्रयोग पक्का झाला. वेगवेगळे गोठे घ्या, एकाला फक्त मक्याचं, एकाला फक्त गव्हाचं, एकाला ओटचं असं एकाच पिकातून खायला घाला, पण तक्त्यावर सगळ्यांचे आकडे तंतोतंत सारखे ठेवा. तक्ता खरा असेल तर गाई सगळीकडे सारख्या राहतील, आणि नाही राहिल्या तर तक्त्यात नसलेलं काहीतरी खुराकात आहे. एवढा सरळ प्रयोग.

मॅडिसन : खुर्ची मिळाली, प्रयोग नाही

1888 मध्ये ते विस्कॉन्सिन विद्यापीठात, मॅडिसनला, कृषी रसायनशास्त्राचे प्रोफेसर आणि प्रयोग केंद्राचे मुख्य केमिस्ट म्हणून आले. 1887 च्या हॅच कायद्याने प्रत्येक राज्याच्या प्रयोग केंद्राला वर्षाला 15,000 डॉलर मिळायला लागले होते, त्यामुळे अशा जागा तयार होत होत्या. कृषी विभागाचे प्रमुख होते विल्यम हेन्री. बॅबकॉकनी आल्याबरोबर त्या एकदाणा, म्हणजे एकाच पिकाचा खुराक देण्याच्या, प्रयोगाची परवानगी मागितली आणि हेन्रींनी नाही म्हटलं. पशुसंवर्धनाच्या क्रेग नावाच्या प्रोफेसरांकडे गेले, त्यांनीही नाही म्हटलं.

हेन्रींना यात खलनायक करायचा मोह होतो पण मी तो करणार नाही. एक तर प्रयोगात गाई मरायची शक्यता होती आणि त्या सरकारी गाई होत्या, पैसे देणारे आमदार शेतकऱ्यांनी निवडून दिलेले. आणि दुसरं म्हणजे त्या वेळी विस्कॉन्सिनच्या शेतकऱ्याच्या दारात वेगळीच आग लागलेली होती.

ते राज्य आधी गव्हाचं होतं. वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेऊन जमिनी थकल्या, वर चिंच बग नावाच्या किडीने पीक खाल्लं, आणि लोक नाइलाजाने गाईंकडे वळले. लोणी आणि चीजचे कारखाने निघाले. पण कारखान्यात दूध घ्यायचे वजनावर. मग काय होणार ते आपल्याला सांगायला नको. कुणी पाणी घालायचं, कुणी रात्रभर ठेवून वरची साय काढून घ्यायचं आणि खालचं दूध कॅनमध्ये ओतायचं. जो घट्ट, सायीचं दूध घालायचा त्याला आणि जो पाणी घालायचा त्याला भाव सारखा. शिवाय चांगली गाय कुठली आणि नुसती बादली भरणारी कुठली हेही कळायला मार्ग नव्हता, मग पैदास सुधारणार कशी? प्रयोगशाळेत ईथरने फॅट काढायची पद्धत होती, पण तिला वेळ लागायचा, तराजू लागायचा, शिकलेला केमिस्ट लागायचा. कारखान्यावर रोज सकाळी शंभर कॅन रांगेत उभे असताना ते कोण करणार?

म्हणून हेन्रींनी बॅबकॉकना सांगितलं की शेतकऱ्याला करता येईल अशी टेस्ट काढा. आणि बॅबकॉकनी स्वतःचा प्रयोग बाजूला ठेवून ते काम हातात घेतलं. मला या माणसाबद्दल सगळ्यात जास्त आदर वाटतो तो इथे. आपला आवडता प्रश्न अडलेला असताना दुसऱ्याने दिलेलं काम माणूस कसंबसं उरकतो, यांनी ते असं केलं की पुढच्या पिढ्यांना त्यात फारसं बदलावं लागलं नाही.

टेस्ट

ही थोडी सविस्तर सांगतो कारण यातला हिशोब फार देखणा आहे.

दुधातली फॅट बारीक गोळ्यांच्या रूपात असते आणि त्या गोळ्यांभोवती प्रथिनांचं आवरण असतं, त्यामुळे ती सहज एकत्र येत नाही. हे आवरण आणि केसिन, म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, मोडायचं कसं हा प्रश्न. विस्कॉन्सिनमध्येच शॉर्ट नावाच्या केमिस्टने 1888 मध्ये अल्कली वापरून एक पद्धत काढली होती पण ती किचकट होती. बॅबकॉकची सुरुवातीची एक पद्धत विद्यापीठाच्या गोठ्यातल्या सगळ्या गाईंना बरोबर लागू झाली, एक सोडून. त्या गाईचं नाव सिल्व्हिया होतं असं तिथे सांगतात. तिच्या दुधाची फॅट काही केल्या नीट सुटेना. हेन्रींचं म्हणणं, एका गाईसाठी कशाला अडायचं, करा जाहीर. बॅबकॉक म्हणाले नाही, सगळ्या गाईंना चालत नाही ती टेस्ट कशाची. आणि परत कामाला लागले.

शेवटी त्यांनी जे धरलं ते तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड, विशिष्ट गुरुत्व 1.82 च्या आसपासचं. दूध आणि अ‍ॅसिड जवळपास सारख्या मापाने, दूध मोजून घ्यायची काचेची नळी, म्हणजे पिपेट, 17.6 मिलीचं आणि अ‍ॅसिड 17.5 मिली. अ‍ॅसिड पडलं की फॅट सोडून बाकी सगळं विरघळतं, मिश्रण कॉफीसारखं काळंतपकिरी होतं आणि त्याची उष्णता इतकी असते की वेगळी आच द्यायला लागत नाही. मग लांब मानेची बाटली हाताने फिरवायच्या यंत्रात घालून गरगर फिरवायची, गरम पाणी घालायचं, परत फिरवायची, परत पाणी, परत थोडी फिरवायची, की फॅट हलकी असल्याने वर चढून मानेत येऊन बसते. पिवळसर, स्वच्छ, पारदर्शक खांब. मानेवर रेषा आहेत, वाचा आणि लिहा.

आता मानेवरच्या रेषांचा हिशोब. त्या पिपेटमधून पडणाऱ्या दुधाचं वजन 18 ग्रॅम भरतं. गरम असताना वितळलेल्या फॅटची घनता 0.9 धरली तर 18 ग्रॅममधल्या 10 टक्के फॅटचं वजन 1.8 ग्रॅम आणि आकारमान बरोबर 2 मिली. म्हणजे मानेत 2 मिलीचे दहा भाग केले की प्रत्येक भाग एक टक्का! वजन नाही, तराजू नाही, गुणाकार नाही. कारखान्यावर काम करणाऱ्या कुठल्याही माणसाने, केमिस्ट्री एक अक्षर न शिकता, थेट टक्के वाचायचे. माझ्या मते या टेस्टची खरी ताकद अ‍ॅसिडपेक्षा या मानेत आहे, कारण यामुळेच ती लॅबमधून बाहेर पडली आणि कॅनच्या रांगेपाशी जाऊन उभी राहिली.

जुलै 1890 मध्ये प्रयोग केंद्राच्या 24 व्या बुलेटिनमध्ये सगळी पद्धत छापली. पेटंट घेतलं नाही. मापं, बाटलीचा आकार, यंत्र, सगळं उघड. त्याच वर्षी मॅडिसनला डेअरी स्कूल सुरू झालं होतं, तिथून पोरं ही टेस्ट शिकून गावोगाव गेली. दुधाचे पैसे फॅटवर द्यायला सुरुवात झाली आणि पाणी घालण्यातली मजाच गेली, कारण पाण्याला फॅट लागत नाही. त्या राज्याचे माजी गव्हर्नर आणि डेअरीवाले विल्यम होर्ड म्हणायचे की या टेस्टने बायबलपेक्षा जास्त लोकांना प्रामाणिक केलं. राज्याच्या विधिमंडळाने पुढे बॅबकॉकना पदक दिलं.

पेटंट न घेण्याबद्दल आज दोन्ही बाजूंनी बोलता येतं. त्याच विद्यापीठात, त्याच विभागात तयार झालेल्या हॅरी स्टीनबॉकने 1924 मध्ये अतिनील किरणांनी अन्नात व्हिटॅमिन डी तयार करायची पद्धत काढली तेव्हा पेटंट घेतलं, ते स्वतःकडे न ठेवता संशोधनाला पैसा मिळावा म्हणून 1925 मध्ये निघालेल्या संस्थेकडे दिलं, आणि त्या संस्थेने विद्यापीठाला आजवर प्रचंड पैसा दिला आहे. दोन्ही निर्णय मला पटतात. पण 1890 चा कारखानावाला पेटंटची फी भरून टेस्ट वापरत बसला असता का? मला नाही वाटत, आणि गावापर्यंत तर ती पोचलीच नसती.

मधली वर्षं

टेस्टने नाव झालं पण प्रयोगाचं दार बंदच. बॅबकॉक बसून राहिले नाहीत, हॅरी रसेल नावाच्या बॅक्टेरियाच्या अभ्यासकाबरोबर चीज पिकण्यावर काम केलं. दुधात मुळातच एक एन्झाइम असतं हे 1897 मध्ये दाखवलं आणि चीज थंड जागी पिकवलं तर जास्त चांगलं होतं हे सिद्ध केलं, जे तेव्हाच्या कारखानदारांच्या समजुतीच्या उलट होतं. यावर वेगळं लिहिता येईल, इथे थांबतो.

1897 पर्यंत पशुसंवर्धनात क्रेग जाऊन कार्लाइल आले, ते ऐकून घेणारे होते. आधी मिठाचा प्रयोग झाला, आठ गाईंना मीठ आणि आठ गाईंना नाही. मीठ न मिळालेल्यातली एक गाय मेली, तसं कार्लाइलनी बाकीच्यांना मीठ सुरू करून प्रयोग बंद केला. 1901 मध्ये हेन्रींनी शेवटी होकार दिला पण दोनच गाई मिळाल्या. एकीला मका, एकीला ओट आणि ओटचं काड. वर्षभर चालवायचं ठरलं होतं, तिसऱ्या महिन्यात ओटवरची गाय मेली. कार्लाइलनी दुसरी वाचवायला प्रयोग थांबवला. पब्लिश काहीच झालं नाही, कारण कुठल्या गाईने किती खाल्लं याची नोंद बॅबकॉकनी ठेवलेली नव्हती.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा परत वाचलं. टेस्टच्या बाटलीच्या मानेपर्यंत हिशोब बसवणारा माणूस, तेरा वर्षं वाट बघून मिळालेल्या प्रयोगात खुराकाची नोंद ठेवत नाही! चूक त्यांचीच होती, आणि तिची किंमत आणखी सहा वर्षं. पण मला त्यात एक गोष्ट दिसते. त्यांना उत्तर माहीत होतं असं ते आतून धरून चालले असावेत, गाय डोळ्यांसमोर खालावते आहे हे त्यांना पुरेसं वाटलं असावं. स्वतःला पटणं आणि दुसऱ्याला दाखवता येणं यातलं अंतर कुठल्याही पीएचडीच्या पोराला पहिल्या वर्षी शिकवतात, आणि ते साठीच्या जवळ आलेल्या नामांकित प्रोफेसरच्याही हातून सुटू शकतं.

1907 : सोळा कालवडी

1906 मध्ये बॅबकॉकनी विभागात एडविन हार्ट या तरुण केमिस्टला आणलं आणि विभागाची सूत्रं त्यांच्याकडे दिली. हार्टही जिनिव्हाच्या त्याच केंद्रात काम केलेले, जर्मनीत शिकून आलेले. पशुसंवर्धनात आता हम्फ्री होते. आणि यांनी प्रयोग असा बांधला की त्यात 1901 सारखी फट राहिली नाही. कल्पना बॅबकॉकची, शिस्त हार्टची, गाईंची निगा हम्फ्रींची, आणि अ‍ॅनालिसिस करायला एल्मर मॅकॉलम नावाचा नवा केमिस्ट.

मे 1907 ला सुरुवात. बॅबकॉक तेव्हा 63 वर्षांचे. सोळा कालवडी, चार-चारचे चार गट. एक गट फक्त मक्यावर, दाणे आणि कडबा दोन्ही मक्याचंच. दुसरा फक्त गव्हावर, काडासकट. तिसरा ओटवर, आणि चौथ्याला तिन्हींचं मिश्रण. तक्त्याप्रमाणे प्रोटीन, कर्बोदकं, फॅट सगळ्यांना सारखं मिळेल अशी मापं.

पहिलं वर्ष सरेपर्यंतच फरक नजरेत भरायला लागला. मक्यावरच्या कालवडी भरलेल्या, कातडी तुकतुकीत. गव्हावरच्या खुरटलेल्या, केस राठ उभे राहिलेले, आणि पुढे त्यांची दृष्टीही गेली. विण्याची वेळ आली तेव्हा मक्यावरच्या गाईंना पूर्ण दिवसांची, उठून उभी राहणारी वासरं झाली. गव्हावरच्यांनी आधीच गाभ टाकला किंवा मेलेली वासरं दिली, जी जिवंत जन्मली तीही टिकली नाहीत. ओटवरच्यांचंही वाईटच. 1909 ला परत तेच. ज्याच्या दावणीला गाभण गाय असते त्याला या ओळी नुसत्या निकाल म्हणून वाचता येत नाहीत. नऊ महिने वाट बघायची आणि मेलेलं वासरू ओढून काढायचं, ते मी घरी एकदा बघितलं आहे.

आणि मग 1910 मध्ये यांनी अदलाबदल केली, प्रयोगाचा सगळ्यात भक्कम भाग हाच. मक्यावरच्या गाईंना गहू आणि बाकीच्यांना मका. तर मक्यावरून गव्हावर आलेल्या धडधाकट गाईंना दुबळी वासरं झाली आणि मक्यावर आणलेल्या खंगलेल्या गाईंना चांगली. 1911 ला जुना खुराक परत सुरू केला, जुने निकाल परत आले. आता कुणी म्हणू शकत नव्हतं की त्या गाईच मुळात कमजोर होत्या. 1911 मध्ये सगळं छापलं गेलं. तक्त्यावर चारही गट सारखे, गोठ्यात जमीन-अस्मानाचा फरक.

का, हे मात्र या प्रयोगाने सांगितलं नाही. ते पुढे हळूहळू उलगडलं, मक्याच्या पिवळ्या दाण्यातलं आणि पानांतलं कॅरोटीन, म्हणजे व्हिटॅमिन ए चा कच्चा माल, गव्हाच्या भरड्यात आणि वाळलेल्या काडात जवळपास नसतो, आणि काडात कॅल्शियमही कमी. हा प्रयोग जगात एकटा नव्हता हेही सांगायला हवं. जावामध्ये डच लोकांनी पॉलिश केलेला तांदूळ आणि बेरीबेरी नावाचा आजार यांवर काम करून 1901 पर्यंत तांदळाच्या कोंड्यात काहीतरी जीवनावश्यक आहे असं म्हटलं होतं, इंग्लंडमध्ये हॉपकिन्स नावाचे शास्त्रज्ञ 1906 पासून असंच बोलत होते, आणि 1912 मध्ये फुंक नावाच्या शास्त्रज्ञाने त्याला व्हिटॅमिन हे नाव दिलं. पण बॅबकॉकची शंका या सगळ्यांच्या आधीची, 1880 च्या दशकातली. हेन्रींनी 1888 ला हो म्हटलं असतं तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. सांगता येत नाही, कदाचित 1901 सारखाच नोंदींविना वाया गेला असता. हार्टची शिस्त तेव्हा नव्हती.

उंदरांचं प्रकरण

मॅकॉलमकडे काम होतं गव्हाच्या आणि मक्याच्या खुराकात फरक काय ते केमिस्ट्रीने शोधायचं. थोड्याच महिन्यांत त्यांना कळलं की हे असं मिळणार नाही. गाय मोठी, वर्षाला एक वासरू, खुराक पोत्यांनी लागतो, उत्तर यायला चार वर्षं. त्यांना लहान प्राणी हवा होता, उंदीर. पण कृषी विद्यापीठात उंदीर पाळायचे? धान्य खाणारा शेतकऱ्याचा वैरी सरकारी पैशाने पोसायचा? वरून होकार मिळेना, हार्टनाही ते पटलं नव्हतं. बॅबकॉक मात्र मागे उभे राहिले, तू कर म्हणाले. वीस वर्षं नाही ऐकलेल्या माणसाला दुसऱ्याच्या अडलेल्या प्रयोगाची कळ कळत असणार. 1908 च्या सुरुवातीला मॅकॉलमनी शिकागोहून डझनभर पांढरे उंदीर स्वतःच्या पैशाने आणले. मार्गेराइट डेव्हिस नावाच्या तरुणीने कित्येक वर्षं बिनपगारी ते सांभाळले आणि प्रयोग केले.

1913 मध्ये या दोघांचा निष्कर्ष छापून आला. शुद्ध प्रोटीन, साखर, क्षार आणि चरबी अशा खुराकावर उंदरांची वाढ काही दिवसांनी थांबते, त्यात लोण्यातली फॅट किंवा अंड्याच्या बलकातली फॅट घातली की परत सुरू होते, आणि डुकराची चरबी किंवा ऑलिव्ह तेल घातलं तर होत नाही. सगळ्या फॅट तक्त्यावर फॅटच, पण लोण्याच्या फॅटमध्ये काहीतरी आहे जे दुसरीत नाही. पुढे त्यालाच व्हिटॅमिन ए म्हटलं.

त्याच वर्षी, 1913 मध्ये, बॅबकॉक निवृत्त झाले. ज्या फॅटची टक्केवारी वाचायला त्यांनी 1890 मध्ये काचेची मान आखून दिली होती, तिच्यातच तेवीस वर्षांनी ती गोष्ट सापडली जी शोधायला ते जवळजवळ वीस वर्षं गाई मागत होते. बाटलीत ती दिसत मात्र होती एका अर्थाने, गाईच्या फॅटचा तो पिवळा रंग कॅरोटीनचाच असतो. म्हशीच्या तुपाला तो नसतो कारण म्हैस कॅरोटीनचं व्हिटॅमिन ए करूनच दुधात टाकते, म्हणून आमच्याकडे गाईचं तूप पिवळं आणि म्हशीचं पांढरंफेक.

निवृत्तीनंतरही ते विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत जात राहिले. प्राणी आणि बिया स्वतःच्या शरीरातच पाणी कसं तयार करतात यावर त्यांचं काम 1912 ला छापून झालं होतं, नंतर पदार्थाची मूळ रचना काय या प्रश्नात ते गुंतले, त्यातून काही हाती लागलं नाही. घरी बागेत हॉलीहॉकची फुलं लावायचे. जुलै 1931 मध्ये मॅडिसनलाच गेले, वय 87. तोपर्यंत हार्ट अजून विभाग चालवत होते, मॅकॉलम जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले होते, आणि त्या सोळा कालवडींच्या प्रयोगात हाताखाली राबलेला पोरगा स्टीनबॉक व्हिटॅमिन डी वर काम करत होता.